मूत्रपिंडाच्या रुग्णास वाली कोण?

दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेल्या मनुष्यास जगावयाचे असेल तर आठवड्यातून साधारणतः तीन वेळा, आणि प्रत्येक वेळी सुमारे चार तास, त्याचे रक्त यंत्रातून शुद्ध करून घ्यावे लागते. या उपचारास डायलिसिस म्हणतात. त्यात खंड पडला की शरीरात पाणी साचते, श्वास कोंडतो, रक्तातील पोटॅशियम वाढते आणि हृदय बंद पडण्याची वेळ येते. म्हणून या रुग्णास 'आज यंत्र मोकळे नाही, पुढल्या आठवड्यात या' असे सांगणे म्हणजे मृत्यूच्या हुकुमावर सही करण्यासारखे आहे. आणि आमच्याकडे हे वाक्य खाजगी शुश्रूषागृहांच्या, म्हणजे लोक ज्यांना नर्सिंग होम म्हणतात त्यांच्या दारात सर्रास ऐकू येते. सांगणारा सहज सांगतो. ऐकणारा निमूटपणे घरी परततो.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. या रुग्णांची हेळसांड हा दैवाचा खेळ मुळीच नाही. कायदा आहे, योजना आहे, तिजोरीतून पैसाही मंजूर होतो. ज्यांनी अंमलबजावणी करावयाची त्यांस कर्तव्याची चाड नाही, आणि ज्यांचा हक्क आहे त्यांस तो मागण्याची सवय नाही. या दोन्ही गोष्टींविरुद्ध हा लेख आहे.

प्रथम सरकारच्याच तोंडचे आकडे पाहू. २९ फेब्रुवारी २०१६ रोजी केंद्रीय अर्थमंत्री अरुण जेटली यांनी लोकसभेत अर्थसंकल्प मांडताना सांगितले की, देशात दरवर्षी या रोगाच्या अंतिम अवस्थेतील सुमारे २ लाख २० हजार नव्या रुग्णांची भर पडते व त्यामुळे डायलिसिसची मागणी दरवर्षी ३ कोटी ४० लाख वेळांनी वाढते. देशातील सुमारे ४,९५० केंद्रे बहुतांशी खाजगी असून मोठ्या शहरांत एकवटलेली आहेत, आणि त्यामुळे गरजेपैकी केवळ निम्मीच भागते, हेही त्यांनीच मान्य केले. एका वेळेचा खर्च सुमारे २,००० रुपये व वर्षाचा खर्च ३ लाखांहून अधिक, असा त्यांचा हिशोब होता. त्याच भाषणात प्रत्येक जिल्हा रुग्णालयात डायलिसिसची सोय करणारा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर झाला. सरकारने जागा, वीज व पाणी पुरवावे, खाजगी भागीदाराने यंत्रे व माणसे आणावीत आणि दारिद्र्यरेषेखालील रुग्णास एक पैसाही पडू नये, अशी त्याची आखणी आहे.

निम्मी गरज भागते याचा अर्थ काय? उरलेल्या निम्म्यांचे काय होते, हे अर्थसंकल्पाच्या भाषणात सांगण्याची प्रथा नाही. ते आम्ही सांगतो. ते मरतात. आणि मरणाऱ्यांत शेतमजूर, वीटभट्टीवरचा कामगार, झाडूवाली बाई आणि डोंगरातला भिल्ल असतो, हे समजावयास कोणा आयोगाची गरज नाही.

आता नंदुरबार तालुक्यातील रनाळे या गावाचे उदाहरण घ्या. नंदुरबार व दोंडाईचा यांच्या मधले हे गाव. जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे येथील लोकसंख्येत शंभरांपैकी ६९ जण अनुसूचित जमातींचे आहेत. आम्हा बौद्धांची घरे थोडी. २०१८ साली केंद्र सरकारने मागासलेल्या जिल्ह्यांची जी 'आकांक्षित' यादी केली, तीत महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांपैकी नंदुरबार एक. अशा जिल्ह्यातील रनाळ्याच्या एखाद्या शेतमजुरास हा रोग जडला, असे समजा. उपचार त्यास संपूर्ण मोफत मिळाला, असेही समजा. तरी आठवड्यातून तीन या हिशोबाने वर्षास १५६ दिवस त्यास जिल्ह्याच्या गावी जावे लागणार. यंत्रावरून उतरल्यावर रुग्णास चक्कर येते, अशक्तपणा येतो. म्हणून सोबत एक माणूस हवा. म्हणजे एका घराचे ३१२ दिवसांचे श्रम बुडाले. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसास ३१२ रुपये होता. त्या दराने हा तोटा ९७,३४४ रुपयांचा होतो. यात औषधे नाहीत, रक्तवाढीचे इंजेक्शन नाही, सोबत्याचे जेवण नाही. ज्या घराची वर्षाची मिळकतच एवढी नसते, त्या घरास हा 'मोफत' उपचार परवडणार कसा?

मग घरातली माणसे काय करतात? तीनऐवजी दोन वेळा नेतात. पुढे एक वेळ नेतात. पेरणी आली की तेही राहते. आणि रुग्ण दगावला की शुश्रूषागृहाच्या कागदावर लिहिले जाते, 'रुग्ण नियमित येत नव्हता'. दोष रुग्णाचा! रस्त्याचा नाही, बुडालेल्या मजुरीचा नाही, परत पाठविणाऱ्या कारकुनाचा तर नाहीच नाही.

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर २०२० सालचा अनुभव आठवावा. त्या वर्षी मार्चमध्ये टाळेबंदी आली. देशातील काही रुग्णालयांतील मूत्रपिंडतज्ज्ञांनी आपल्या रुग्णांची मोजदाद करून पुढे ती प्रसिद्ध केली. नियमित डायलिसिस घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे २८ जणांची निदान एक वेळ चुकली होती, आणि शंभरांपैकी सुमारे चार जण पुन्हा आलेच नव्हते. ही संख्या मोठ्या रुग्णालयांच्या नोंदवहीतली. तालुक्याच्या गावच्या लहान शुश्रूषागृहांत अशी नोंदवही ठेवतो कोण?

परत पाठविणे ही हेळसांडीची एक तऱ्हा झाली. दुसरी आत दाखल करून घेतल्यावर होते, आणि ती नातेवाइकांस दिसत नाही. म्हणून ती समजून घेतली पाहिजे. यंत्रातील एका वेळेच्या उपचारास सुमारे १२० लिटर अतिशुद्ध पाणी लागते. रुग्णाचे रक्त एका पातळ पडद्याच्या एका बाजूने वाहते आणि हे पाणी दुसऱ्या बाजूने. पाणी नीट शुद्ध केलेले नसेल तर त्यातील घाण रक्तात उतरते आणि रुग्णास थंडी वाजून ताप भरतो. रक्त गाळणारी नळी एकाच रुग्णासाठी काही वेळा पुन्हा वापरली जाते. तिच्यावर त्याचे नाव हवे, प्रत्येक वेळी ती धुऊन तपासलेली हवी. काविळीच्या 'ब' विषाणूचा रुग्ण असेल तर त्याचे यंत्र वेगळे हवे. हे नियम मोडले तर मूत्रपिंडासाठी आलेला मनुष्य यकृताचा रोग घेऊन घरी जातो. वीज गेली तर नळीतील रक्त हाताने यंत्र फिरवून शरीरात परत घालावे लागते. त्यासाठी शिकलेली परिचारिका जवळ असावी लागते. उपचाराच्या आधी व नंतर रुग्णाचे वजन घ्यावयाचे, दर थोड्या वेळाने रक्तदाब पाहावयाचा, चार तास म्हणजे चार तास यंत्र चालवावयाचे. पाळी लवकर उरकून दुसरा रुग्ण घ्यावयाचा म्हणून तीन तासांत यंत्र बंद करणे ही चोरी आहे. मापात मारणारा वाणी धान्य चोरतो; येथे आयुष्य चोरले जाते.

या जिल्ह्यास आणखी एक संकट आहे. भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेलचा रोग मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि तो काही रुग्णांची मूत्रपिंडेही बिघडवितो. मधुमेह व रक्तदाब ही तर सर्वत्र आढळणारी कारणे. अंग दुखते म्हणून दुकानातून मिळेल ती वेदनाशामक गोळी वर्षानुवर्षे खाणारा मजूरही याच वाटेने जातो. म्हणजे रुग्ण वाढणार आहेत. त्यांची संख्या आज थोडी आहे म्हणून गप्प बसणे हे दूरदृष्टीचे लक्षण नव्हे.

आता जगाचा इतिहास थोडा पाहू, कारण त्यातून आपणांस शिकण्यासारखे आहे. हे यंत्र १९४३ साली हॉलंडमध्ये, जर्मन फौजांच्या ताब्यात देश असताना, विलेम कोल्फ नावाच्या डॉक्टराने प्रथम बनविले. १९६० साली अमेरिकेतील सिएटल शहरात बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातातील रक्तवाहिनीस कायमची नळी जोडण्याची युक्ती काढली आणि वर्षानुवर्षे डायलिसिस देणे शक्य झाले. परंतु यंत्रे थोडी, रुग्ण फार. तेव्हा कोणास जगवावे हे ठरविण्यासाठी त्या शहरात सामान्य नागरिकांची एक समिती नेमली गेली. मनुष्याची मिळकत किती, शिक्षण किती, तो चर्चमध्ये जातो की नाही, समाजास त्याचा उपयोग काय, असे प्रश्न ही समिती विचारात घेई आणि त्यावरून जीवन व मरण वाटून देई. १९६२ साली एका नियतकालिकाने ही हकीकत छापली तेव्हा त्या देशात खळबळ उडाली. माणसाची किंमत त्याच्या सामाजिक दर्जावरून करणे हे लोकशाहीस लांच्छन आहे, ही जाणीव वाढत गेली, आणि ऑक्टोबर १९७२ मध्ये अमेरिकेने कायदा करून जवळजवळ सर्व नागरिकांच्या डायलिसिसचा भार सरकारी आरोग्य विम्यावर घेतला.

माणसाची किंमत जन्मावरून व दर्जावरून करणारी समिती कशी असते, हे आम्हांस सिएटलने शिकविण्याची गरज नाही. या देशात ती हजारो वर्षे बसलेली आहे. फरक इतकाच की सिएटलमध्ये निदान एक समिती तरी नेमलेली होती. आमच्याकडे कोणास जगवावयाचे हे अनामत रकमेवरून, ओळखीच्या चिठ्ठीवरून आणि 'योजनेच्या जागा भरल्या' या दारावरच्या उत्तरावरून ठरते, आणि ठरविणारा कोणासही जबाबदार नसतो.

तो जबाबदार नसतो असे आम्ही म्हणालो, ते व्यवहारात. कायद्यात तो जबाबदार आहे. वकिलीचा धंदा करणारा मनुष्य या नात्याने हा भाग मी वाचकांपुढे विस्ताराने ठेवतो. घरातील शिकलेल्या मुलाने अगर मुलीने तो मोठ्याने वाचून दाखवावा.

पहिली गोष्ट संविधानाची. कलम २१ ने जीविताचा हक्क दिला आणि कलम ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरविले. १९९२ साली बंगालमध्ये एक शेतमजूर आगगाडीतून पडला. कलकत्त्यातील एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून त्यास परत लावले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात निर्णय दिला की, वेळेवर उपचार न देणे हा कलम २१ चा भंग आहे आणि पैशाची टंचाई ही राज्यास सबब म्हणून सांगता येणार नाही. त्या मजुरास २५,००० रुपये भरपाई देवविली. त्यापूर्वी १९८९ साली परमानंद कटारा यांच्या अर्जावर त्याच न्यायालयाने सांगितले होते की जीव धोक्यात असलेल्या मनुष्यास वाचविणे हे प्रत्येक डॉक्टराचे कर्तव्य आहे, मग तो सरकारी असो वा खाजगी.

दुसरी गोष्ट शुश्रूषागृहांची. महाराष्ट्रात १९४९ पासून शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा आहे. नोंदणीशिवाय शुश्रूषागृह चालविता येत नाही; अधिकाऱ्यास तपासणीचा व नोंदणी रद्द करण्याचा अधिकार आहे. जानेवारी २०२१ मध्ये या कायद्याखालील नियम सुधारले गेले. रुग्णांच्या हक्कांची सनद व उपचारांचे दर दर्शनी भागात लावणे आणि तक्रार घेण्याची व्यवस्था ठेवणे आता बंधनकारक आहे. ज्या शुश्रूषागृहात ही सनद भिंतीवर नाही, ते आत पाऊल टाकताच नियमभंग करताना सापडले असे समजावे.

तिसरी गोष्ट योजनेची. २०१२ साली काही जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. आरंभी तिची मर्यादा कुटुंबास वर्षाला दीड लाख होती, म्हणजे अर्थमंत्र्यांच्या हिशोबाच्या निम्म्याहूनही कमी. २०२३ साली ती पाच लाख करण्याचे ठरले व २०२४ च्या जुलैपासून पिवळ्या, केशरी, पांढऱ्या अशा सर्व शिधापत्रिकाधारकांस ती खुली झाली. तीत डायलिसिस समाविष्ट आहे. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसविलेला असतो. दाद न मिळाल्यास १५५३८८ या क्रमांकावर फुकट तक्रार करता येते. धर्मादाय विश्वस्तांच्या रुग्णालयांस तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातील कलम ४१ कक प्रमाणे शंभरांपैकी दहा खाटा निर्धनांसाठी मोफत व दहा दुर्बलांसाठी सवलतीने राखाव्या लागतात.

चौथी गोष्ट दाद मागण्याची. १९९५ साली इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. पुष्कळांचा समज असा की, आपण पैसे दिले नाहीत तेव्हा आपण ग्राहक कसले? हा समज निखालस चुकीचा आहे. जे रुग्णालय इतरांकडून पैसे घेते, तेथे मोफत उपचार घेणाराही ग्राहकच, असे त्याच निर्णयात म्हटले आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्यास जिल्हा ग्राहक आयोगात फी पडत नाही. मुदत दोन वर्षांची. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांप्रमाणे रुग्णाने मागितलेले कागदपत्र ७२ तासांत द्यावे लागतात. सरकारी कचेरीकडून माहिती हवी असेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात सर्वसाधारण मुदत ३० दिवसांची आहे. परंतु प्रश्न जीविताचा असेल तर ४८ तासांत उत्तर द्यावे लागते. डायलिसिसच्या रुग्णाचा प्रश्न जीविताचा नसेल तर कोणाचा असेल?

पाचवी गोष्ट आम्हा धर्मांतरितांस विशेष लागू. अर्जावर 'बौद्ध' लिहिले तर सवलत जाईल, या भीतीने काही घरे अजूनही जुना धर्म लिहितात. ही भीती सोडावी. आरोग्य योजना शिधापत्रिकेवर चालते, धर्मावर नव्हे. आणि १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांस अनुसूचित जातींचे हक्क केंद्राच्या पातळीवरही मिळालेले आहेत. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली जी दुरुस्ती झाली, तिने जातीवरून रुग्णालयात वा दवाखान्यात येण्यास अडथळा करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरविला. तो आम्हांस जसा ढाल आहे तसाच आमच्या आदिवासी बांधवांसही आहे.

या साऱ्यावर शुश्रूषागृहांचे चालक काय म्हणतात? योजनेचे दर परवडत नाहीत, सरकारकडून पैसे वेळेवर येत नाहीत, असे ते म्हणतात. यात तथ्य असेल. मग त्यांनी सरकारशी भांडावे, न्यायालयात जावे. आम्ही त्यांच्या बाजूने उभे राहू. परंतु योजनेची पाटी बाहेर लावावयाची, तिच्यामुळे येणारे इतर रुग्ण घ्यावयाचे, आणि दर आठवड्यास तीनदा येणारा, किफायत न देणारा रुग्ण तेवढा टाळावयाचा, हा व्यवहार सचोटीचा नव्हे. सरकारी भांडण सरकारशी करावे; त्याचा सूड यंत्रावर पडलेल्या मनुष्यावर घेऊ नये.

दुसरा आक्षेप असा की लोक अडाणी आहेत, पथ्य पाळत नाहीत. पाणी किती प्यावे, मीठ किती खावे हे त्यांस त्यांच्या भाषेत कोणी सांगितले? पावरी वा अहिराणी बोलणाऱ्या बाईच्या हाती इंग्रजी छापील कागद द्यावयाचा आणि मग तिला अडाणी म्हणावयाचे, यात अडाणी कोण?

तिसरा आक्षेप बाहेरून येत नाही. तो आमच्याच घरात दबा धरून बसलेला आहे. 'मागल्या जन्मीचे भोग' असे म्हणून आमच्यातील वडीलधारी माणसे अजून उसासा टाकतात. दीक्षा घेतली, देव्हारा काढला, पण हे वाक्य राहिले. विनयपिटकाच्या महावग्गात एका आजारी भिक्खूची कथा आहे. तो स्वतःच्याच घाणीत पडलेला होता आणि इतर भिक्खू त्याजकडे पाहत नव्हते, कारण त्याचा त्यांस काही उपयोग नव्हता. तथागतांनी त्याच्या पूर्वजन्माची चौकशी केली नाही. पाणी आणविले, आनंदाच्या साह्याने त्यास स्वहस्ते धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले, आणि मग संघास जाब विचारला. उपयोग नाही म्हणून ज्यास टाकले जाते त्याची शुश्रूषा करणे, आणि टाकणाऱ्यांस जाब विचारणे, अशी ही दोन कामे आहेत. पहिले आमच्या आयाबहिणी मुकाट्याने करीत आल्या आहेत. दुसरे आम्ही पुरुषांनी, शिकलेल्यांनी, नोकरीवाल्यांनी करावयाचे राहिले आहे.

तेव्हा करावयाचे काय? गावातील विहारात रविवारी वंदना झाल्यावर एक वही उघडावी. गावात मूत्रपिंडाचे रुग्ण किती, कोण कोठे जातो, कोणास कितीदा परत पाठविले, ते तारखेसह लिहावे. तीत भिल्ल, कोकणी, मुसलमान, मराठा, कोणीही असो, त्याचे नाव आले पाहिजे. रोग जात पाहत नाही, वहीनेही पाहू नये. प्रत्येक रुग्णाबरोबर आळीपाळीने एक तरुण सोबत म्हणून जावा, म्हणजे घरच्यांची मजुरी वाचेल आणि भिंतीवरची सनद, घड्याळातले चार तास, नळीवरचे नाव हेही पाहिले जाईल. एसटीच्या सवलतींच्या यादीत डायलिसिसच्या रुग्णाचा समावेश आहे. रेल्वेत रुग्णास व त्याच्या सोबत्यास द्वितीय वर्गात ७५ टक्के सवलत आहे. ही प्रमाणपत्रे मागून घ्यावीत. परत पाठविल्यास 'लेखी द्या' एवढे दोन शब्द उच्चारावे. लेखी नकार देण्याचे धैर्य फारच थोड्यांस असते, आणि पुष्कळदा त्या दोन शब्दांनीच यंत्र मोकळे होते.

आणि सरकारकडे आमच्या मागण्या या आहेत. डायलिसिसची सोय जिल्ह्याच्या गावावर न थांबविता ग्रामीण रुग्णालयांपर्यंत आणावी. ज्यांस योग्य असेल त्यांस पोटातून घरच्या घरी करावयाच्या डायलिसिसची सामग्री द्यावी. राष्ट्रीय कार्यक्रमात २०१९ पासून त्यास स्थान आहे. रुग्णास व सोबत्यास बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी. आणि डायलिसिस देणाऱ्या प्रत्येक शुश्रूषागृहाची पाण्याची तपासणी, परिचारिकांची संख्या व परत पाठविलेल्या रुग्णांची यादी दर तीन महिन्यांस प्रसिद्ध व्हावी. यातील एकही मागणी दयेची नाही.

बांधवांनो व भगिनींनो, चवदार तळ्याचे पाणी आमच्या लोकांनी १९२७ साली हात जोडून मागितले नाही; ते आपलेच आहे म्हणून ओंजळीत घेतले. शुश्रूषागृहातील यंत्रातून वाहणारे ते १२० लिटर पाणीही आपलेच आहे. त्याचा दाम संविधानाने चुकता केलेला आहे. रनाळ्यातील एकही रुग्ण यापुढे तोंडी उत्तरावर दारातून परत येता कामा नये. येत्या रविवारी वही उघडा.